मदत हवी आहे: दुखण्याला तुमच्याकडे काय म्हणतात? (फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी)

सीनाकाठ

नमस्कार मंडळी,

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बार्शीत माझं छोटं क्लिनिक आहे, या उन्हाळ्यात त्याला सतरा वर्षं होतील. दोन गोष्टींत तुमची मदत हवी आहे. त्याआधी एक प्रसंग सांगते, म्हणजे हे कुठून आलं ते कळेल.

मागच्या फेब्रुवारीत ज्वारीची काढणी ऐन भरात होती. त्या दिवसांत माझ्याकडे कंबरदुखीची रांगच लागते. ज्वारी उपटायची, पेंढ्या बांधायच्या, दिवसभर ओणवं राहायचं. तेव्हा माझ्याकडे एक इंटर्न मुलगी शिकायला येत होती. हुशार, मन लावून काम करणारी. साठीचे एक शेतकरी आले. तिने दोन पानं भरून तपासणी लिहिली. कंबर किती वाकते, पाय सरळ उचलला की किती अंशांवर कळ येते, स्नायूंची ताकद पाचपैकी किती, सगळं बरोबर. "दुखणं दहापैकी किती?" असं विचारल्यावर काका नुसते बघत राहिले, तेव्हा तिने अंदाजाने सात लिहिलं. मुलाने पुण्याहून मोबाइलमध्ये व्यायामाचं ॲप घालून दिलं होतं. तीन आठवडे ते त्याप्रमाणे करत होते. ॲप व्यायाम मोजत होतं आणि शाबासकीही देत होतं.

मी शेजारी बसून विचारलं, "काका, लघवीला नीट होतंय का?" ते खाली बघत म्हणाले, "दोन दिस झालं, तुंबतंय. जोर करावा लागतोय." मी विचारलं, "आणि बसायच्या जागी?" म्हणाले, "मधी कापड घातल्यागत लागतंय."

मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा जुडगा असतो, त्यावर दाब आल्याची ही खूण. इथे तास मोजायचे असतात. त्याच दुपारी त्यांना सोलापूरला पाठवलं, संध्याकाळी एमआरआय झाला, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. आता ते चालतात, शेतात जातात.

ती मुलगी त्या रात्री खूप रडली. तिला ही लक्षणं माहीत होती. 'सॅडल ॲनेस्थेशिया', म्हणजे बसायची जागा बधीर होणं, हे परीक्षेत तिने लिहिलंही होतं. पण आजोबांच्या वयाच्या माणसाला ते मराठीत कसं विचारायचं, हे चार वर्षांत तिला कुणी शिकवलं नव्हतं. मलाही नव्हतं. मी ते चुका करत शिकले, आणि त्या चुकांची किंमत पेशंटनी मोजली.

आता पहिली मदत. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने फिजिओथेरपीचा नवा अभ्यासक्रम जाहीर केला. आपल्या राज्याच्या आरोग्य विद्यापीठात आजवर चार वर्षं आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप होती, नव्या आराखड्यात इंटर्नशिप पूर्ण वर्षाची आहे. तासाभराच्या अंतरावरच्या एका कॉलेजने विचारलं आहे, की सहा-सहा आठवड्यांसाठी दोन-दोन मुलं तुमच्याकडे पाठवू का. मला हो म्हणायचं आहे. त्यांच्या हातात पहिल्या दिवशी द्यायला मला एक वही करायची आहे: लोकांचे दुखण्याचे शब्द.

माझ्याकडे जमलेले असे. ठणकतं, सळसळतं, चावतं, आग आग होते, कळ येते, तिडीक उठते, मुंग्या येतात, बधीर झालंय, रग लागते, गोळा येतो, आखडलंय, अवघडलंय, उसण भरली, चमक भरली, शिरेवर शीर चढली. हे शब्द एकाच दुखण्याचे नाहीत. 'आग' आणि 'मुंग्या' म्हणणाऱ्या बाईची नस तपासायची, 'रग लागते' म्हणणारीचे स्नायू. पाठ्यपुस्तकातल्या अर्ध्या निदानाइतकं काम हा एक शब्द करतो. आणि दहापैकी किती असं विचारूच नये. आमच्याकडची आजी आपणहून सांगते, "रुपयात बारा आणे गेलं बघ, चार आणे राहिलंय." इतकं नेमकं मोजमाप मला कुठल्याच तक्त्यात मिळालेलं नाही.

दुसरी मदत फीची. माझ्याकडे आयएफटी (दुखऱ्या जागी करंट देणारं यंत्र) आहे, अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींनी शेक देणारं) आहे, ट्रॅक्शन (कंबर ताणणारं) आहे. ही यंत्रं बहुतेक कंबरदुखीत फार काही करत नाहीत. आधीच्या कुणीतरी "गादी सरकली, आता वाकू नका" सांगून भीती घातलेली असते, ती काढणं आणि माणसाला पुन्हा हालतं करणं हेच खरं काम. पन्नाशीतल्या, काहीच दुखत नसलेल्या दहापैकी आठ जणांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधल्या गाद्यांची झीज दिसते, हे समजावून सांगायला मला वीस मिनिटं लागतात. मग पेशंट विचारतो, "आज करंट लावला नाही, मग पैसे कशाचे?" पुढच्या वेळी तो करंटवाल्याकडे जातो. शिकायला आलेली मुलं हे बघतात आणि पहिल्या महिन्यातच ठरवतात, की क्लिनिक टाकायचं म्हणजे आधी मशीनसाठी कर्ज काढायचं. यंत्र न लावता फी कशी घ्यावी? पेशंट म्हणून तुम्हाला काय पटेल?

नावापुढे 'डॉ.' लावावं का, हा वाद इथे नको, ही विनंती. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावर एक सरकारी पत्र निघालं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं गेलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर महिनाभर दुसरं काही चाललं नव्हतं.

पळसपान

ताई, मी यवतमाळकडचा. आमच्याकडे बाया म्हणतात, "कंबर धरली", म्हणजे उठताच येत नाही. "दुखून रायलं" हे तर सगळ्यालाच. माझी आई गुडघ्याला "वंगण संपलं" म्हणते, तो शब्द तिला डॉक्टरकडूनच मिळाला. तेव्हापासून ती चालायलाच भिते, म्हणते वंगण नसताना चाललं तर वाटी घासंल. तुमच्या वहीत असे शब्दही लिहा, जे दवाखान्यातून घरी येतात आणि नुकसान करतात.

जुना वाचक

फीबद्दल पेशंटच्या बाजूने लिहितो. वडिलांना २०१९ मध्ये पक्षाघात झाला. पहिले फिजिओ रोज घरी यायचे, दहा मिनिटं मशीन लावून, हात वरखाली करून जायचे. नंतर एक बाई आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी कशालाच हात लावला नाही. घर फिरून बघितलं, संडासची पायरी टेपने मोजली, बाबा कुठे बसतात, पाणी कुठे ठेवलेलं असतं ते पाहिलं. मग विचारलं, "बाबा, तुम्हाला पहिलं काय करायचंय?" बाबा अडखळत म्हणाले, "संडासला एकटं जायचंय." सगळा व्यायाम त्यासाठीच केला. खुर्चीवरून उठणं, वळणं, एका हाताने नाडी सोडणं. सात आठवड्यांत ते एकटे जायला लागले. त्या बाई पहिल्यांपेक्षा दुप्पट फी घ्यायच्या, आम्हाला कधी जास्त वाटली नाही. कारण पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं होतं: काय करायचंय, अंदाजे किती भेटी, घरच्यांनी काय करायचं. पैसे कशाचे ते दिसत होतं.

माहेर सांगली

मी सहा वर्षांपूर्वी जर्मनीत आले, कोलोनजवळ काम करते. तुमचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला.

इथे फिजिओथेरपी हा तीन वर्षांचा व्यवसाय-शिक्षणाचा कोर्स आहे. आपली पदवी मान्य करून घ्यायला मला त्यातला राहिलेला भाग भरून काढावा लागला, शिवाय जर्मन भाषेची बी-२ पातळी, म्हणजे न अडखळता बोलता येईल इतकी. त्या भाषेच्या वर्गात रोज एक जण पेशंट व्हायचा, एक थेरपिस्ट. म्हातारीला लघवीबद्दल कसं विचारायचं, दुखावलेल्या माणसाशी कसं बोलायचं, याचा सराव. अचानक कंबर धरते त्याला इथले लोक 'हेक्सनशुस' म्हणतात, म्हणजे चेटकिणीने मारलेला बाण. शब्द ऐकला आणि मला आमची आजी आठवली, "उसण भरली गं." जर्मन माणसाचं दुखणं त्याच्या भाषेत समजून घ्यायला मला कुणीतरी दीड वर्ष शिकवलं. माझ्या सांगलीच्या माणसाचं समजून घ्यायला कुणी एक तासही शिकवला नव्हता.

परदेशी जायचं म्हणणाऱ्या मुलांना एक सांगा. इथेही आराम नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर बहुधा सहा भेटी मिळतात आणि साध्या उपचाराची एक भेट पंधरा ते पंचवीस मिनिटांची. बोलणार कधी आणि करणार कधी? पण यंत्रासाठी कुणी अडून बसत नाही, हे खरं.

गोनिओमीटर

मी एका कॉलेजात शिकवतो. सीनाकाठ, तुमचं म्हणणं मान्य, पण आमची अडचणही ऐका. आपल्याकडे हे शिक्षण पन्नासच्या दशकात मुंबईच्या केईएममध्ये सुरू झालं. पोलिओची मुलं समोर होती, जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती, शिकवणारे आणि पुस्तकं परदेशी. भाषा तेव्हापासून इंग्रजी, आणि आमच्या वर्गात आजही केरळ, गुजरात, विदर्भ सगळीकडची मुलं असतात. लेखी परीक्षा मराठीत होणार नाही, आणि तसं मी मागणारही नाही.

पण प्रात्यक्षिक परीक्षा आमच्या हातात असते. तिथे टेबलं मांडून ठेवतो, प्रत्येक टेबलावर पाच-सात मिनिटांचं एक काम. त्यातलं एक टेबल असं ठेवता येईल: समोर माणूस बसलाय, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोल, आणि धोक्याच्या चार खुणा विचारून घे. त्याला गुण ठेवले की मुलं आपोआप शिकतात. गुण नसले तर तुमची वही कितीही चांगली असली तरी बॅगेत राहील, हे अनुभवाने सांगतो. येत्या सत्रात अंतर्गत परीक्षेत करून बघायची माझी तयारी आहे. प्रश्नांचा मराठी मसुदा तुम्ही द्या.

ॲपबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. व्यायाम मोजणं, आठवण करणं हे ॲप चांगलं करतं आणि माणूस विसरतो. ते काम त्याला द्यावं. पहिली तपासणी देऊ नये.

सीनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पळसपान, 'वंगण' मी आजच वहीत लिहिलं, आणि त्यासाठी मागच्या बाजूला वेगळं पान केलं. त्यात 'गादी सरकली', 'कणा सरकला', 'हाड वाढलंय' हेही घातलं. मुलांना सांगेन, हे शब्द ऐकले की आधी विचारा: हे तुम्हाला कुणी सांगितलं, आणि तेव्हापासून तुम्ही काय करायचं सोडलं?

जुना वाचक, तुमच्या वडिलांचा कागद डोक्यातून जात नाहीये. येत्या सोमवारपासून पहिली भेट पाऊण तासाची, फी ठरलेली, आणि घरी जाताना हातात मराठीत लिहिलेला कागद. यंत्र लागलंच तर त्याचे वेगळे पैसे घेणार नाही. दोन महिने करून बघते, पेशंट टिकले की गेले ते खरं-खरं इथे लिहीन.

गोनिओमीटर सर, मसुद्याची सुरुवात खाली देते. ॲपबद्दल तुमचं पटलं. त्या काकांना ॲपने घात केला नव्हता, त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

१. लघवीला बसल्यावर लगेच होते का, थांबून जोर करावा लागतो?
२. संडासला झालेलं कळतं का?
३. बसायच्या जागी, मांड्यांच्या आतून, हात लावलेला नीट कळतो का?
४. पाय लटपटतो का, चप्पल निसटते का?

तिसरा प्रश्न मला अजून नीट जमलेला नाही. बाईने बाईला विचारायला ठीक आहे, पण बावीस वर्षांच्या मुलाने साठीच्या मावशीला कसं विचारावं, की ती लाजून "काही नाही" म्हणणार नाही? नर्स, आशाताई, सुईणीचं काम पाहिलेल्या कुणी इथे असतील तर कृपया सांगा, तुम्ही कोणत्या शब्दांत विचारता.