चार दिवसांत पेपर ‘स्वीकारला’, आता ४,५०० रुपये मागताहेत. मागे घेता येईल का?

रावेरची_केळी
केळीच्या खोडाचा धागा काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याच्या गांडूळखतावरचा पेपर सोमवारी एका जर्नलला पाठवला. शुक्रवारी स्वीकृतीचं पत्र आलं, परीक्षकांचा एकही शेरा नाही. लेटरहेडवर आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) आणि ‘इम्पॅक्ट फॅक्टर ८.१’ (जर्नलमधल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला तो आकडा). पैसे भरलेले नाहीत, कॉपीराइटचा फॉर्मही दिलेला नाही. आता दुसरीकडे पाठवला तर चालेल? शिवाय विभागप्रमुखांचं नाव घाला असं सांगितलंय. त्यांचा कामाशी काही संबंध नाही.

तापीकाठ
घाई करू नका भो. आधी माघार, मग दुसरं जर्नल. क्रम चुकला की एकाच वेळी दोन ठिकाणी पेपर दिल्याचा ठपका येतो, पहिलं जर्नल बोगस असलं तरी. संपादकाला मेल करा, सगळे सहलेखक सीसीत. शीर्षक, सबमिशन क्रमांक आणि ‘कॉपीराइट दिलेला नाही, शुल्क भरलेलं नाही, छापायला संमती नाही’ एवढंच लिहा. लेखी पोच मागा. इथे बहुतेक वेळा ‘विड्रॉल फी’ निघते. ती भरू नका, भरूनही छापणारे छापतात. आठवड्याने पुन्हा मेल करा आणि त्यांचा नवा अंक उघडून बघा. पेपर छापलेला दिसला तर पुढच्या संपादकाला कव्हर लेटरमध्येच सांगून सगळे मेल जोडा. लपवलंत आणि समानता तपासणीत तुमचाच पेपर समोर आला, तर खुलासा ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही.

धुळे_ग्रंथपाल
आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे, गाडीच्या नंबर प्लेटसारखी ओळख. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. ‘करंट सायन्स’चा ००११-३८९१ घ्या. पहिल्या सात आकड्यांना क्रमाने ८ ते २ ने गुणा: ६+५+१२+२४+१८ = ६५. ११ ने भागल्यावर बाकी १०. ११ मधून १० गेले, उरला १. जुळलं. न जुळला तर नंबर बनावट. जुळला तरी आयएसएसएन पोर्टलवर नाव, प्रकाशक आणि देश बघाच.

डीओआय (ऑनलाइन लेखाचा कायमचा क्रमांक) १०.५२८१ ने सुरू होत असेल तर तो झेनोडो या खुल्या ऑनलाइन साठ्याचा. तिथे कोणीही फाइल चढवू शकतो, त्यामुळे परीक्षण झाल्याचा तो पुरावा नाही. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनीच्या जेसीआर या वार्षिक जर्नल-अहवालात सापडतो. ८.१ तिथे नसेल तर तो आकडा विकतचा समजा.

खानदेशी_गाइड
नावाबद्दल: लेखक कोणाला म्हणायचं याचे आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नल-संपादकांच्या समितीचे निकष चार आहेत. कामात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची दुरुस्ती, अंतिम प्रतीला मान्यता, आणि चुकीची जबाबदारी घ्यायची तयारी. चारही हवेत. ते वैद्यकीय जर्नलांसाठी असले तरी इतर विषयांतही वापरतात. प्रमुखांनी प्रयोगशाळा दिली असेल तर त्यांचे आभार माना, लेखक करू नका. गाइडना ‘जर्नल लेखकांच्या वाट्याचं निवेदन मागतं, सरांसमोर काय लिहू?’ एवढं विचारा. बरेचदा विषय तिथेच मिटतो.

‘यूजीसी केअरमध्ये आहोत’ असं कोणी सांगितलं तर यूजीसीची ती मान्य जर्नलांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झालीय. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर सक्तीचा नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम पीएचडी विभागात विचारून घ्या.

रावेरची_केळी
बेरीज जुळली! पण पोर्टलवर प्रकाशक वेगळाच दिसतोय, देशही दुसरा.

धुळे_ग्रंथपाल
मग खऱ्या जर्नलचं नाव आणि नंबर चोरून उभारलेली साइट आहे. पोर्टलवर मूळ प्रकाशकाचं नाव आहे, त्यावरून त्यांची खरी साइट शोधा आणि तुम्हाला आलेलं पत्र त्यांना पाठवा. ‘हा पेपर आमच्याकडे आलेला नाही’ असं त्यांचं उत्तर आलं की माघारीच्या मेलला तेच जोडा.