मदत हवी आहे: एचपीव्ही पॉझिटिव्ह, पॅप नॉर्मल, आता काय?

वय 36. नेहमीच्या तपासणीत गर्भाशयमुखाची एचपीव्ही टेस्ट (ज्या विषाणूमुळे तिथला कॅन्सर होऊ शकतो, त्याची तपासणी) झाली. रिपोर्टात लिहिलंय: हाय-रिस्क (कॅन्सरचा धोका असलेला) एचपीव्ही पॉझिटिव्ह, त्यातले 16 व 18 हे प्रकार निगेटिव्ह, पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, "वर्षाने परत करू," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मला त्रास काहीच नाही.

पण हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो म्हणे. मग आला कुठून? माझ्या आयुष्यात नवऱ्याशिवाय कोणी नाही. त्याला अजून सांगितलेलं नाही. तो माझ्याबद्दल काय समजेल आणि मी त्याच्याबद्दल काय समजू, काही सुचत नाही. त्याचीही टेस्ट करायची का? वर्षभर नुसतं थांबायचं? मी आता लस घेऊन उपयोग आहे का? 11 वर्षांची मुलगी आहे, तिला टॉवेलमधून वगैरे लागेल का? नेटवर वाचून वाचून झोप उडाली आहे.

प्रतिसाद १
ताई, आधी नवऱ्याचं. मी स्त्रीरोग विभागात नर्स आहे, हा प्रश्न सारखा ऐकते. एचपीव्ही शरीरात वर्षानुवर्षं गपचूप राहू शकतो. तो लग्नाआधीचाही असू शकतो, आणि कोणाकडून आला हे कुठलीच टेस्ट सांगत नाही. शरीरसंबंध असलेल्या बहुतेकांना तो कधी ना कधी होतोच, त्यामुळे या कागदावरून कोणाच्या चारित्र्याचा निकाल लावू नका. पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नाही, त्यामुळे त्यांची टेस्ट करायला धावू नका.

थांबण्याबद्दल: दहातले साधारण नऊ संसर्ग दोनेक वर्षांत शरीर स्वतःच घालवतं. कॅन्सर होतो तो वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या संसर्गातून, आणि त्यालाही सहसा 15-20 वर्षं लागतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे 70 टक्के 16 आणि 18 या प्रकारांमुळे होतात. ते निघाले असते तर पॅप नॉर्मल असूनही लगेच कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुखाची तपासणी, सांगितली असती. तुमचे ते नाहीत, म्हणून वर्षाचं अंतर. पण तारीख चुकवायची नाही! तेव्हाही पॉझिटिव्ह आलं तर कोल्पोस्कोपी. मधेच संबंधानंतर रक्तस्राव झाला तर मात्र वाट बघू नका. सिगारेट ओढत असाल तर बंद करा, तिने विषाणू जास्त टिकतो.

प्रतिसाद २
लस झालेला संसर्ग बरा करत नाही. 26 नंतर फायदा कमी, डॉक्टरांशी बोलून ठरवा. मुलीला मात्र आत्ताच द्या, 9 ते 14 हे सगळ्यात चांगलं वय. या वयात दोन डोस देतात; जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये एका डोसचा पर्यायही मान्य केला. मुलग्यांनाही देता येते, हे लोक विसरतात. टॉवेलची काळजी सोडा, हा मुख्यतः संबंधांतल्या त्वचेच्या स्पर्शाने पसरतो.

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार. कंडोम वापरायला लागू का? आणि त्याच्या अंगावर एक चामखीळ आहे, ती यातलीच का?

प्रतिसाद १
कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण न झाकलेल्या त्वचेवरूनही विषाणू जातो. इतकी वर्षं एकत्र राहिल्यावर तुमच्याकडचा विषाणू बहुधा त्यांच्याकडेही पोहोचलेला असतो, त्यामुळे फक्त यासाठी आता सुरू करायची गरज नाही. जननेंद्रियावरच्या चामखिळी बहुतेक 6 आणि 11 या प्रकारांच्या असतात, ते कॅन्सरवाले नाहीत. हाता-मानेवरची असेल तर तिचा या रिपोर्टाशी संबंध नाही. जांघेत किंवा लिंगावर असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा.