शल्लकीच्या डिंकाबद्दलचे पुरावे

शल्लकी (सालई) या झाडाचा डिंक सांधेदुखीवर घेतला जातो; तो वेदनाशामक गोळ्यांना पूर्ण पर्याय आहे असे एकीकडे म्हटले जाते, तर दुसरीकडे त्याला कसलाच शास्त्रीय आधार नाही असे. उपलब्ध पुरावे या दोन्ही विधानांना दुजोरा देत नाहीत.

या डिंकातील बोस्वेलिक आम्ले, विशेषतः 'एकेबीए' हे संयुग, दाह वाढवणारी ल्युकोट्राइन्स तयार करणाऱ्या ५-लिपॉक्सिजनेज या विकराला (एन्झाइमला) अडवतात, हे १९९०च्या दशकातच प्रयोगशाळेत दिसले होते. नेहमीच्या वेदनाशामकांचा रोख मात्र सायक्लोऑक्सिजनेज या दुसऱ्या विकरावर असतो. अडचण अशी, की ही आम्ले आतड्यातून फार कमी शोषली जातात (स्निग्ध जेवणासोबत घेतल्यास शोषण बरेच वाढते) आणि रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून राहतात; म्हणून परीक्षानळीतला परिणाम शरीरात तसाच मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

माणसांवरचे सर्वांत चांगले पुरावे गुडघ्याच्या झिजेच्या संधिवाताबाबत आहेत. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३० रुग्णांना प्रत्येकी ८ आठवडे या डिंकाचा अर्क आणि तितकाच काळ प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी मात्रा) देण्यात आला, आणि अर्काच्या काळात वेदना व सूज कमी झाली. २०१४च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासातही) वेदनेत माफक पण खरी घट नोंदवली आहे. चाचण्या मात्र लहान व अल्प मुदतीच्या आहेत, आणि त्यांतले अर्क प्रमाणित (घटकांचे प्रमाण ठरवलेले) होते, त्यामुळे तो निष्कर्ष कोणत्याही कच्च्या डिंकाला लावणे मला रास्त वाटत नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा डिंक सुरू करूच नये.