ओव्हर देताना समोरची ऐकतच नाही, काय करावं?

वॉर्ड_इन्चार्ज: मी सर्जरी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. सकाळी नाइटची सिस्टर ओव्हर (ड्यूटी संपताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला सांगणं) देत असते आणि घेणारी तेवढ्यात ट्रॉली लावत असते. नाहीतर ‘हं, माहितीये, तो हर्नियावाला ना’ म्हणून तिला मध्येच तोडते. परवा नाइटचीने एका पेशंटच्या ड्रेनबद्दल (ऑपरेशनच्या जागेत साचणारं बाहेर काढणारी नळी) सांगितलं, ‘ड्रेनमधून कालपर्यंत पिवळसर येत होतं, पहाटेपासून लाल यायला लागलंय.’ घेणारीने वहीत लिहिलं, ‘ड्रेन आहे.’ सांगण्यासारखं होतं ते नेमकं गळलं! राउंडला सरांनी बाटली बघितली म्हणून कळलं. मुली कामाला चोख आहेत, त्यामुळे जास्तच वाईट वाटतं. रागावून झालं, फरक नाही.

निवृत्त_मेट्रन: ओव्हर काउंटरवर देता का? तिथे फोन, नातेवाईक, डिस्चार्जचे कागद. कोण ऐकणार? दोघींनी बेडपाशी उभं राहायचं. ड्रेन, कॅथेटर, सलाइन दोघींनी डोळ्यांनी बघायचं. आणि बाई, नाइटचीचं बोलणं संपेपर्यंत ट्रॉलीला हात लावू देऊ नका.

आयसीयू_ब्रदर: माझा भर परत म्हणून दाखवण्यावर. फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ सारखंच ऐकू येतं, म्हणून आमच्याकडे ‘एक-पाच, पंधरा’ असं बोलतात आणि ऐकणारा तेच परत म्हणतो. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यात ओव्हरच्या वेळचं बोलणं आहेच. नुसत्या ‘हो हो’वर मी ओव्हर सोडत नाही.

रडार: विमानवाहतुकीत आहे, म्हणून लिहितो. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट. धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. उड्डाणाच्या तयारीतल्या विमानाला टॉवरने ‘ओके’ म्हणून पुढे थांबायला सांगितलं होतं, पण त्याच क्षणी दुसरं विमानही रेडिओवर बोललं आणि पहिल्याच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर नुसती शिट्टी ऐकू आली. उड्डाणाची घाई होती, त्यांनी ‘ओके’ म्हणजे परवानगी धरली. तुमच्या ‘हर्नियावाला ना’मध्ये मला तेच दिसतं. पुढचं वाक्य कानावर पडायच्या आधीच मनात तयार असतं.

वॉर्ड_इन्चार्ज: मेट्रन मॅडम, हो, काउंटरवरच देतो. उद्यापासून बेडपाशी. ब्रदर, परत म्हणायला सांगितलं की सिनियर मुलींना परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. तुमच्याकडे सुरुवात कोणापासून केली होती?

आयसीयू_ब्रदर: इन्चार्जपासून. पहिला आठवडा ओव्हर त्यांनीच घेतली आणि प्रत्येक पेशंटचं परत म्हणून दाखवलं. मग सिनियरना बोलायला जागाच उरली नाही.