क्लॅट आणि सीईटी : वेग वाढवला की चुका वाढतात, काय करावे?

प्रश्न : राजारामपुरीची विद्यार्थिनी

नमस्कार. मी बारावीत असून पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) आणि राज्याची सीईटी अशा दोन्ही प्रवेश परीक्षांची तयारी करते आहे. गेल्या दोन रविवारी क्लॅटच्या धर्तीवरचे दोन सराव पेपर मी घड्याळ लावून सोडवले. पहिला सावकाश वाचत सोडवला, तेव्हा 120 पैकी 86 प्रश्नच झाले आणि त्यांतले 74 बरोबर आले. दुसरा झपाट्याने सोडवला, तेव्हा 116 प्रश्न झाले, पण बरोबर आले फक्त 76. शिकवणीतले सर म्हणतात की आधी वेग आणा, अचूकता मागाहून येते. वडील म्हणतात की येते तेवढेच सोडव. कोणाचे ऐकावे?

उत्तर : बावडेकर

मी सध्या विधीच्या चौथ्या वर्षाला आहे आणि या दोन्ही परीक्षा दिलेल्या आहेत. आधी तुमचाच हिशेब मांडू. क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. म्हणजे सावकाश पेपरात 12 चुकांचे 3 गुण जाऊन 71 उरले आणि झपाट्याच्या पेपरात 40 चुकांचे 10 गुण जाऊन 66 उरले. राज्याच्या सीईटीत मात्र उणे गुण नाहीत. तिथे तुमच्या सावकाश पेपराचे 74 गुण तसेच राहिले असते, आणि उरलेल्या 34 प्रश्नांना शेवटच्या मिनिटात डोळे झाकून पर्याय निवडला असता, तरी चारांत एक या प्रमाणात सरासरी आठेक गुण वर मिळाले असते. त्यामुळे सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ तोटा आहे, आणि दोन्ही परीक्षांना एकच सवय घेऊन बसणे चूक आहे.

क्लॅटमधल्या पाव गुणाची भीतीही जरा वाजवीपेक्षा जास्तच घातली जाते. चारपैकी एक पर्याय नक्की चूक आहे असे कळले, तरी उरलेल्या तिनांतून निवडण्यात सरासरीने फायदाच असतो. दोन पर्याय कटले तर तो आणखी वाढतो. खरा खर्च होतो तो वेळेचा, कारण दोन पर्यायांत घुटमळत तीन मिनिटे घालवली की पुढच्या उताऱ्यातले तीन सोपे प्रश्न हातचे जातात.

आता चुका कुठे होतात ते पाहा. विधी तर्काच्या उताऱ्यात समजा असे तत्त्व दिले आहे की नोकराने कामाच्या ओघात केलेल्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार असतो. प्रसंग असा की दुधाच्या टेम्पोचा चालक डेअरीत दूध उतरवून परत निघाला, पण गावाकडे न जाता उलट दिशेने खासबाग मैदानावर कुस्ती बघायला गेला आणि वाटेत त्याने एकाला धडक दिली. घाईत वाचणारा चालक, मालक, अपघात एवढेच टिपतो आणि 'मालक जबाबदार' यावर खूण करून मोकळा होतो. 'कामाच्या ओघात' हे शब्द त्याने वाचलेले असतात, पण प्रसंगाला लावून पाहिलेले नसतात. तत्त्वातल्या अशा अटीखाली पेन्सिलीने रेघ मारायला पाच सेकंद लागतात, आणि तेवढ्यावर त्या उताऱ्याचे चार-पाच प्रश्न अवलंबून असतात. इथे सावकाश जावे. चालू घडामोडींच्या उताऱ्यात मात्र पुष्कळदा उत्तर आधीच माहीत असते किंवा नसतेच, म्हणून त्यातले तीसेक प्रश्न पंधरा मिनिटांत उरकून वाचलेला वेळ विधी आणि तर्काकडे वळवावा.

उत्तर : निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ

तू बारावीत आहेस म्हणून एकेरी लिहितो. बावडेकरांचा हिशेब चोख आहे, पण अंदाजाची गोडी लवकर लागते, म्हणून सराव पेपरात अंदाजाने दिलेल्या उत्तरापुढे फुली मारत जा आणि ती उत्तरे वेगळी मोज. दुसरे असे की मराठी माध्यमातली आमची मुले इंग्रजी उतारा वाचताना दर दोन ओळींनी मागे फिरतात, आणि वेळ खरा तिथे जातो. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घे, वाचून झालेल्या ओळींवर कार्ड सरकवत जा म्हणजे मागे वळता येणार नाही, आणि शेवटी लेखकाचे म्हणणे एका मराठी वाक्यात लिही. क्लॅटचा उतारा साधारण 450 शब्दांचा असतो. तेवढा मजकूर अडीच मिनिटांत वाचून हे वाक्य बरोबर लिहिता येऊ लागले, की घड्याळाकडे बघायची गरज पडणार नाही.

उत्तर : शाहूपुरीची पालक

माझ्या मुलाच्या अनुभवावरून एक बारीक गोष्ट सांगते. क्लॅट कागदावर होते आणि उत्तरपत्रिकेवरचे गोल पेनाने काळे करावे लागतात, तर सीईटी संगणकावर असल्यामुळे उत्तर बदलता येते. त्याने घरी सगळे पेपर मोबाईलवर सोडवले आणि प्रत्यक्षात गोल भरण्यातच त्याची कितीतरी मिनिटे गेली. प्रत्येक उताऱ्यानंतर त्या उताऱ्याचे गोल भरून टाकावेत.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून त्या 40 चुका पुन्हा तपासल्या. 17 ठिकाणी शब्द सुटला होता, 9 ठिकाणी दोन पर्यायांत चुकीचा निवडला होता आणि उरलेल्या 14 प्रश्नांची उत्तरे मला मुळात माहीतच नव्हती.

उत्तर : बावडेकर

मग त्या 14 प्रश्नांचा वेगाशी काही संबंध नाही. ते चालू घडामोडींच्या वहीत उतरवा. येत्या रविवारी फक्त त्या 17 कडे लक्ष ठेवून पेपर सोडवा, 100 प्रश्न झाले तरी चालतील, आणि आकडे इथे लिहा.