बूस्टर घ्यावा की थांबावे : आपला निर्णय कसा झाला?

रत्नागिरी
कोविड लसीचे पहिले दोन डोस आमच्या घरात फारशी चर्चा न होता घेतले गेले. १० जानेवारी २०२२ पासून साठीपुढील सहव्याधी असलेल्यांना प्रिकॉशन डोस, म्हणजेच तिसरा किंवा बूस्टर डोस, मिळू लागला, तेव्हा मात्र मधुमेह असलेले माझे वडील "दोन झाले, आता पुरे" म्हणून अडून बसले. ओमायक्रॉन हा कोरोनाचा नवा प्रकार दोन डोस घेतलेल्यांनाही गाठत होता, त्यामुळे मग लसीचा उपयोग काय, हा त्यांचा प्रश्न मला गैर वाटला नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितले की काही महिन्यांनी शरीरातील विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे घटतात आणि तिसरा डोस मुख्यतः आजार गंभीर होऊ नये यासाठी असतो. संसर्गच होणार नाही, असे आश्वासन त्यांनी दिले नाही, आणि मला वाटते त्यामुळेच बाबांचा विश्वास बसला. आपला निर्णय, तो न घेण्याचा असला तरी, कृपया सविस्तर लिहावा.

हर्णै
आमची मासेमारीची नौका आहे. पहिल्या डोसनंतर मला दोन दिवस सणकून ताप आला होता, आणि घरी असताना आलेला ताप निभावतो, समुद्रात आलेला निभावत नाही. त्यामुळे डोस केव्हा घ्यावा, हाच माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. दुसरा डोस डिसेंबर २०२१ मधला असल्याने दुसऱ्या व तिसऱ्या डोसमध्ये नऊ महिन्यांचे अंतर ठेवण्याच्या तेव्हाच्या नियमाने माझी पाळी सप्टेंबरमध्ये, ऐन हंगामात आली असती. जुलैमध्ये हे अंतर सहा महिन्यांवर आले आणि १५ जुलैपासून ७५ दिवस सरकारी केंद्रांवर सर्व प्रौढांना डोस मोफत झाला. खासगी रुग्णालयात लसीचे २२५ रुपये आणि वर १५० रुपयांपर्यंत सेवाशुल्क पडत होते. घरातील पाच माणसांचा हिशेब केला तर आम्हांला ही रक्कम लहान नव्हती. मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद असते आणि नौका शाकारून ठेवलेली होती, म्हणून त्याच आठवड्यात आम्ही पाचही जण आरोग्य केंद्रात जाऊन आलो. या वेळी ताप एकच रात्र होता.

कुडाळ
मी आरोग्य सेविका आहे. आरोग्य कर्मचारी म्हणून माझा डोस जानेवारीतच होता, पण त्याच महिन्यात मला कोविड झाला आणि बरे झाल्यावर तीन महिने थांबण्याची सूचना होती. "आजार झाला, तोच बूस्टर" असे जवळची माणसे म्हणत आणि मलाही ते काही काळ पटले होते. परंतु गरोदर स्त्रिया आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांच्या घरी मला रोज जावे लागते. एप्रिलअखेर मी डोस घेतला.

अलिबाग
मी घेतला नाही. दुसऱ्या डोसनंतर अर्ध्या तासात अंगावर पित्ताच्या गांधी उठून श्वास अडकला होता, आणि तीच लस पुन्हा घेऊ नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ऑगस्टमध्ये वेगळी लस बूस्टर म्हणून घेण्याची मुभा मिळाली, तरीही माझे मन धजावले नाही.

देवगड
आमच्या घरी गणपतीला मुंबईहून वीस-बावीस माणसे येतात आणि आरतीला आजी सर्वांच्या मधोमध बसते. त्या वर्षी चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, हे आशाताईंकडून कळल्यावर आजीने स्वतःच दिवस मोजले आणि नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलावण्यास सांगितले.