उद्योगाला सवलत की कॉलेजला मास्तर? विदर्भाचा पैसा आधी कुठं लावायचा?

बर्डीकर
डिसेंबरात अधिवेशन आलं की विदर्भासाठी घोषणा होतात. घोषणा म्हणजे रस्ता, नाहीतर उद्योगाला सवलत. माझं म्हणणं सरळ आहे, आधी कॉलेजांतल्या रिकाम्या जागा भरा. मी एका अनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवतो. तास घेतला तर पैसे, उन्हाळाभर काही नाही, बिल निघता निघता पुढचं सत्र लागतं. प्रॅक्टिकलला एका ब्युरेटमागे चार पोरं. एक टायट्रेशन करतो, तिघं रीडिंग उतरवून घेतात. ही पोरं मिहानमध्ये, नागपूरच्या विमानतळाजवळच्या त्या औद्योगिक प्रकल्पात, कोणत्या कामाला लागतील? शिक्षणावर जीडीपीच्या 6 टक्के खर्च व्हावा, हे कोठारी आयोगानं 1966 मध्ये सांगितलं. 2020 च्या शिक्षण धोरणात पुन्हा तेच.

बुटीबोरीवाला
का बाप्पा, कारखाने चालले नाहीत तर तुमच्या पगाराला पैसा कुठून येईल? माझं लहानसं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख आपल्या अंगावर, अन् स्वस्त विजेसाठी कारखानदार पाहतो छत्तीसगडकडे! 2016 साली विदर्भ-मराठवाड्याच्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली, तेव्हा कुठं मी दुसरी शिफ्ट सुरू केली. त्या शिफ्टला आयटीआयची पोरं लागली. मास्तर नेमून पदव्या वाढवाल, पण काम इथं नसेल तर पोरगा संध्याकाळच्या पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्येच बसणार ना.

बर्डीकर
पुण्याला कंपन्या उगाच गेल्या का? तिथं शिकलेली माणसं आधीपासून होती. मिहानमध्ये बोइंगनं बांधलेलं विमान दुरुस्तीचं केंद्र 2015 मध्ये सुरू झालं. हँगर दिसतो केवढा! पण विमानाच्या दुरुस्तीवर सही करायला लायसन्स लागतं, आमच्या बीएस्सीवाल्याला कोण आत घेईल?

फाइलवाला
सरकारी नोकरीत जन्म गेला, म्हणून बोलतो. विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाटा मिळावा म्हणून असलेल्या घटनेच्या कलम 371(2) मध्ये तंत्रशिक्षण आणि सरकारी नोकऱ्या एकाच उपकलमात आहेत. तुम्ही दोघं ते फाडून अर्धं-अर्धं वाटून घेऊन राहिले. त्या कलमाखाली 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. आता विदर्भाच्या वाट्याचा पैसा आला किती अन् वळला किती, हे कोणी विचारायचं? तरी झुकायचंच तर मी बर्डीकरांकडे झुकीन. सवलत एका जीआरनं येते अन् दुसऱ्यानं जाते. नेमलेला मास्तर तीस वर्षं वर्गात उभा राहतो.

बुटीबोरीवाला
उभा राहतो, पण शिकवतो का, ते सांगा साहेब! अन् मंडळ होतं तेव्हा काय सोनं पिकलं? दांडेकर समितीनं 1984 मध्ये अनुशेष, म्हणजे कोणता भाग विकासात किती मागं आहे ते, मोजून दिला, केळकर समितीचा अहवाल 2013 मध्ये आला. अनुशेष भरला का?

फाइलवाला
नाही भरला. पण मोजलेला होता, म्हणून तर भांडता येत होतं.

बर्डीकर
मग एक करा. ज्याला वीज सवलत पाहिजे त्यानं शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा आहे, पण सक्ती तीस किंवा जास्त माणसं असलेल्यांवर. लहान युनिटं सुटतात. तुम्ही घेता का माझी दोन पोरं?

बुटीबोरीवाला
पाठवा. स्टायपेंडचा अर्धा भाग सरकारनं वेळेवर दिला तर चार घेतो. फक्त आधी सांगून ठेवा, इथं तिघांनी नुसतं पाहत उभं राहायचं नसते.